वेल फुललाय, पण काकडी धरत नाही?

पाऊस लागून दीड महिना झाला की रोपवाटिकेत हीच तक्रार येते. खानापूर असो, कडोली असो, उचगाव असो, "रोपं तुमच्याकडनंच नेली, वेल नुसता फुललाय, काकडी धरंना की ओ!" बहुतेक वेळा खोट रोपात नसते. वेलावर आधी नर फुलं येतात आणि ती गळणारच. मादी फुलं मागाहून येतात, तेव्हा घाईनं वेल उपटू नका.

फुलाच्या मागं, देठाकडं बघा. लव असलेली इवलीशी काकडी दिसली तर ते मादी फूल. नुसताच बारीक देठ असेल तर नर. त्या इवल्या काकडीच्या पोटात बीजांडं असतात. नर फुलाचे पराग मादीच्या मधल्या चिकट भागावर पडले की एकेका कणातून बारीक नळी फुटून बीजांडापर्यंत उतरते. तिच्यातून दोन नरपेशी आत जातात. एकीपासून बाळरोप होतं, दुसरीपासून त्याची शिदोरी. ही दुहेरी जुळणी 1898 साली नवाशिन या रशियन शास्त्रज्ञानं पहिल्यांदा दाखवली. आपल्या ताटातला भात म्हणजे भाताच्या बाळरोपाची अशीच शिदोरी.

एका बीला एक परागकण लागतो. पराग कमी पडले की काकडी वाकडी होते किंवा एका टोकाला बारीक राहते. तशी एखादी उभी चिरून बघा, बारीक टोकाला बी भरलेलीच नसते.

काकडीचे पराग चिकट, वाऱ्यानं उडत नाहीत. ते काम मधमाशीचं. फूल सकाळी उमलतं आणि त्याला तो एकच दिवस मिळतो. म्हणून कळकळीनं सांगतो, सकाळी औषध मारू नका. मारायचंच असेल तर दिवस कलल्यावर. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी फुलतात, त्यांची वेळ आम्हाला विचारून ठरवा.

खानापूरकडच्या झडीत माशी बाहेरच पडत नाही. परड्यात चार वेल असतील तर सकाळी ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं टेकवा. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो.

पॉलिहाऊसच्या बिनबियांच्या काकडीला यातलं काहीच लागत नाही, ती परागांशिवाय धरते. रोपं नेताना जात कुठली ते विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.