फर्दर एज्युकेशन महाविद्यालयांतील उच्च शिक्षणाच्या अध्यापनासाठी अनुदान (इंग्लंड)

इंग्लंडमधील फर्दर एज्युकेशन महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या पदवी, फाउंडेशन डिग्री (पूर्ण पदवीच्या खालची, व्यवसायाशी जोडलेली पदवी), उच्च राष्ट्रीय पदविका (एचएनडी) व उच्च राष्ट्रीय प्रमाणपत्र (एचएनसी) या अभ्यासक्रमांचे अध्यापन सुधारण्यासाठी दिला जाणारा सार्वजनिक निधी. या महाविद्यालयांना मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. आपल्याकडचे आयटीआय, तंत्रनिकेतन, कनिष्ठ महाविद्यालय आणि प्रौढ शिक्षणवर्ग एकाच छपराखाली आणले, तर साधारण कल्पना येते. गवंडीकाम आणि केशकर्तन शिकवणाऱ्या इमारतीतच वरच्या मजल्यावर पदवीचा वर्ग भरतो. इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्यांपैकी ढोबळमानाने दहातला एक विद्यार्थी अशा महाविद्यालयात शिकतो, असे २००० नंतरच्या दशकात नेहमी सांगितले जाई.

१९९२ च्या कायद्याने पॉलिटेक्निकांना (तिथल्या पदवी शिकवणाऱ्या संस्थांना, आपल्या तंत्रनिकेतनांना नव्हे) विद्यापीठ होण्याची वाट मोकळी झाली. १ एप्रिल १९९३ पासून फर्दर एज्युकेशन महाविद्यालये स्थानिक शिक्षण प्राधिकरणांच्या हातून सुटून स्वायत्त झाली. पैसा देणाऱ्या परिषदाही दोन झाल्या. फर्दर एज्युकेशनसाठी एक आणि उच्च शिक्षणासाठी दुसरी, म्हणजे हेफ्के. फर्दर एज्युकेशन महाविद्यालयांतील उच्च शिक्षणाच्या वर्गांचा वाली कोण, हा गोंधळ काही वर्षे चालला. उच्च शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या डिअरिंग समितीच्या १९९७ च्या अहवालाने पदवीहून खालच्या (एचएनडी, एचएनसी अशा) पातळीवरील उच्च शिक्षणाची वाढ मुख्यतः या महाविद्यालयांत व्हावी, अशी शिफारस केली. १९९९ मध्ये एचएनसीसह सर्व ‘विहित’ (नियमांनी ठरवून दिलेल्या) उच्च अभ्यासक्रमांच्या अनुदानाची जबाबदारी हेफ्केकडे आली. व्यावसायिक संस्थांच्या परीक्षांचे वर्ग मात्र ‘अविहित’ ठरून बाहेर राहिले.

अध्यापनाच्या दर्जासाठी वेगळा पैसा मिळू लागला तो याच सुमारास. हेफ्केचा ‘टीचिंग क्वालिटी एनहान्समेंट फंड’ १९९९ पासून संस्था, विषय आणि व्यक्ती अशा तीन पातळ्यांवर चालला. संस्थेने आपले अध्ययन-अध्यापन धोरण लिहून काढायचे आणि त्यावर अनुदान घ्यायचे. विषयांसाठी २४ विषयकेंद्रांचे जाळे उभे राहिले आणि व्यक्तींसाठी २००० पासून राष्ट्रीय अध्यापन फेलोशिप सुरू झाली. फर्दर एज्युकेशन महाविद्यालयांसाठी हेफ्केने स्वतंत्र विकास निधीही काढला. यातील धोरण लिहिण्याची अट कागदी वाटते, पण तिचा उपयोग झाला. उच्च शिक्षणाचे वर्ग कुठे, किती आणि कोण घेतो, याचा हिशेब काही महाविद्यालयांना त्या निमित्ताने पहिल्यांदाच एकत्र मांडावा लागला.

खरी अडचण वेळेची आहे. १९९२ नंतरच्या, म्हणजे पॉलिटेक्निकांतून झालेल्या, विद्यापीठांतील राष्ट्रीय सेवाकरारात वर्षाला जास्तीत जास्त ५५० अध्यापन तास धरलेले असतात. फर्दर एज्युकेशनमधील अध्यापकाचा भार बहुधा ८०० तासांच्या घरात जातो. सकाळी सोळा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेऊन संध्याकाळी पदवीचा वर्ग घेणाऱ्याला वाचन आणि व्यासंगाला फुरसत कुठून मिळणार? म्हणून निधीतला सर्वांत उपयोगी खर्च म्हणजे तासिका कमी करून त्या जागी बदली अध्यापक नेमणे. मात्र प्रकल्प संपला की ही सवलतही संपे. शिवाय तपासणी दुहेरी असे. फर्दर एज्युकेशनच्या वर्गाला ऑफस्टेड ही सरकारी तपासणी संस्था, तर उच्च शिक्षणाच्या वर्गाला गुणवत्ता आश्वासन संस्था (क्यूएए).

दुसरी अडचण फ्रँचायझीची. अनेक महाविद्यालये एखाद्या विद्यापीठाच्या वतीने अभ्यासक्रम चालवतात. तेव्हा विद्यार्थ्यांची मोजणी विद्यापीठाकडे होते, अनुदानही तिकडेच जाते आणि विद्यापीठ आपला वाटा ठेवून उरलेले पुढे देते. वाटा किती असावा, यावरून कुरबुरी होत. २००० मध्ये हेफ्केने अशा व्यवहारांसाठी आचारसंहिता काढली. शिकवणारा एक आणि सुधारणेचा पैसा दुसऱ्याकडे, ही विसंगती मात्र तिने मिटवली नाही.

२०१२ मध्ये विद्यापीठांच्या शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंड झाली आणि अनुदानाचा भार विद्यार्थ्याच्या कर्जावर गेला. कमी शुल्क घेणाऱ्या संस्थांसाठी राखलेल्या २०,००० जागांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जागा फर्दर एज्युकेशन महाविद्यालयांना मिळाल्या. पण जागा वाढणे म्हणजे शिकवणे सुधारणे नव्हे. अध्यापकांसाठी उल्लेखनीय ठरला तो हेफ्केच्या मदतीने असोसिएशन ऑफ कॉलेजेस या महाविद्यालयांच्या संघटनेने चालवलेला ‘स्कॉलरशिप’ प्रकल्प. इथे स्कॉलरशिप म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे, तर शिकवणाऱ्याने स्वतःच्या विषयात केलेला अभ्यास.

हेफ्के २०१८ मध्ये बंद होऊन तिचे बरेचसे काम ऑफिस फॉर स्टुडंट्स या उच्च शिक्षणाच्या नियामक संस्थेकडे गेले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या १२ इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींसाठी सरकारने १७ कोटी पौंड ठेवले. महाविद्यालये, विद्यापीठे आणि उद्योग यांच्या भागीदारीतल्या या संस्थांचा निधी मुख्यतः भांडवली होता. त्यातून इमारती आणि यंत्रसामग्री येते, अध्यापकाच्या वेळापत्रकातले तास कमी होत नाहीत.