वीटभट्टीवर जाण्याआधी वनहक्काचा दावा टाका

दिवाळी झाली की रोहा, सुधागड, पेण भागातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. वीटभट्टीवर गेलेली माणसं परततात ती थेट पावसाच्या तोंडाशी. ग्रामसभेला मात्र निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. म्हणून वनहक्काची ग्रामसभा पावसाळ्यातच लावून घ्या.

2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसणारं आदिवासी कुटुंब दावा करू शकतं. कसत असाल तेवढीच जमीन मिळते, जास्तीत जास्त 4 हेक्टर. बिगर आदिवासींना त्या तारखेआधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो.

अर्ज नमुना अ मध्ये करायचा. सोबत जातीचा दाखला, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती यांतलं असेल ते जोडा. डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी दिलेल्या जमिनीचा, म्हणजे दळीचा, जुना कागद कुणाच्या पेटीत असेल तर तो आधी बाहेर काढा. पण कागद नाही म्हणून कुणी घरी बसू नये, हे मला कळकळीनं सांगायचं आहे. पिढ्यान् पिढ्या राबलेल्या माणसाकडे कागद नसतो, हे कायद्यालाही ठाऊक आहे. वाडीतल्या जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, शेताचा बांध, विहीर, जुनं घर, मसणवटा, देवाचं ठिकाण हेही पुरावेच आहेत. जबाब मात्र दावेदाराचा स्वतःचा चालत नाही. एकापेक्षा जास्त पुरावे हवेत. उपग्रहाचं छायाचित्र जोडीला चालतं, पण त्यात शेत दिसत नाही एवढ्यावर बाकीचे पुरावे बाजूला सारता येत नाहीत.

दावा ग्रामसभेनं निवडलेल्या वनहक्क समितीकडे द्या आणि पोहोच घ्या. समिती वनखात्याला कळवून जागा पाहते, ग्रामसभा ठराव करते. तिथून तो प्रांतांच्या उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. 60 दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. पडताळणी पुरी होईपर्यंत जमिनीवरून हटवता येत नाही.

पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. तो वारसांना जातो, विकता येत नाही.

सरपण, मध, चराई यांसाठी सामूहिक दावा नमुना ब मध्ये, आणि जंगल राखण्या-सांभाळण्याचा हक्क नमुना क मध्ये वेगळा मागावा लागतो. वैयक्तिक दाव्यांच्या धांदलीत हा राहून जातो. त्याच ग्रामसभेत त्याचाही ठराव घ्या.