वीज थांबते, उष्णता रेंगाळते

वर्गात एक स्टीलची आणि एक लाकडी पट्टी रात्रभर शेजारीशेजारी ठेवून द्यावी. सकाळी मुलांना दोन्हींना हात लावायला सांगावं आणि विचारावं, यातली जास्त थंड कोणती? बहुतेक मुलं स्टीलकडे बोट दाखवतील. मग दोन्हींना तापमापक टेकवावा. आकडा सारखाच येतो. सुवाहक-दुर्वाहकांचा, म्हणजे उष्णता किंवा वीज सहज जाऊ देणाऱ्या आणि न देणाऱ्या पदार्थांचा, धडा इथून सुरू व्हायला हवा असं मला ठामपणे वाटतं. हाताने सांगितलेलं आणि तापमापकाने सांगितलेलं जुळत का नाही, हे कळल्याशिवाय वहीतलं दोन रकान्यांचं कोष्टक म्हणजे नुसतं पाठांतर.

आपल्या त्वचेचं तापमान साधारण 33 अंश सेल्सिअस असतं. खोली 25 अंशांवर असेल तर दोन्ही पट्ट्या हातापेक्षा थंडच असतात, त्यामुळे हातातून उष्णता दोन्हींकडे जाऊ लागते. लाकडात ती पृष्ठभागापाशीच अडकते. बोटाखालचा तेवढाच भाग चटकन कोमट होतो आणि उष्णता जाण्याचा वेग पडतो. स्टील मात्र आलेली उष्णता लगेच पुढे पसरवतं, त्यामुळे बोटाखालची जागा थंडच राहते आणि उष्णता जातच राहते. आपल्या त्वचेला वस्तूचं तापमान कळत नाही. त्वचा स्वतः किती वेगाने गार किंवा गरम होते आहे, तेवढंच तिला कळतं. म्हणूनच हवा 45 अंशांवर गेली की तेच स्टील लाकडापेक्षा जास्त पोळतं.

हे स्पष्टीकरण देण्याआधी मुलांना एक अंदाज मात्र जरूर करायला लावावा. ॲल्युमिनियमची जाड चकती आणि प्लास्टिकची तेवढीच चकती घ्यावी, दोन्हींवर बर्फाचा एकेक सारखा खडा ठेवायचा, आणि आधी विचारायचं की कुठला आधी वितळेल. ‘धातू थंड असतो’ हे मनात बसलेलं असल्याने बरीच मुलं प्लास्टिकचं नाव घेतात. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमवरचा खडा डोळ्यांदेखत वितळू लागतो. असाच दुसरा गोंधळ लोकरीचा. लोकर ‘गरम’ असते असं मुलं मानतात. तापमापक लोकरीत गुंडाळून ठेवला तर पारा जागचा हलत नाही, आणि लोकरीत गुंडाळलेला बर्फ उघड्या बर्फापेक्षा जास्त वेळ टिकतो. लोकर उष्णता तयार करत नाही, तिच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा उष्णतेची वाट अडवते. आतून बाहेर जाणारीची आणि बाहेरून आत येणारीचीही.

विजेच्या बाबतीत हाच भेद पहिल्यांदा नीट लक्षात आला तो 1729 साली, इंग्लंडमध्ये. स्टीफन ग्रे हे पेशाने रंगारी. घासलेली काचेची नळी पीस ओढून घेते हे तेव्हा माहीत होतं. ग्रे यांनी धूळ जाऊ नये म्हणून नळीला बूच लावलं होतं, आणि पीस त्या बुचाकडेही ओढलं गेलं. घासलं होतं काचेला, बुचाला नव्हे. म्हणजे काहीतरी काचेतून बुचात गेलं होतं. मग त्यांनी बुचाला काडी, काडीला दोरा, दोऱ्याच्या टोकाला हस्तिदंती गोळा असं करत ते ‘काहीतरी’ किती लांब जातं हे पाहायला घेतलं. दोरा आडवा न्यायचा तर त्याला मधे आधार हवा. साध्या दोऱ्यांनी तो तुळईला टांगला तेव्हा गोळ्यापर्यंत काहीच पोचेना. त्यांचे स्नेही ग्रॅनव्हिल व्हीलर यांच्या घरी बारीक रेशमी धाग्याचा आधार दिला आणि प्रयोग जमला. दोघांना वाटलं, धागा बारीक म्हणून गळती कमी. पुढे वजनाने रेशीम तुटलं, म्हणून त्यांनी त्या जागी बारीक पितळी तार लावली. वीज पुन्हा नाहीशी! बारीकपणाचा प्रश्नच नव्हता, प्रश्न पदार्थाचा होता.

ही गोष्ट मुलांना अशीच क्रमाने सांगावी, आणि तार लावण्याआधी थांबून विचारावं की आता काय होईल. एका घटनेची दोन स्पष्टीकरणं समोर असताना त्यांतलं एक प्रयोगाने कसं बाद होतं, हे यापेक्षा सोप्या रूपात क्वचितच दाखवता येतं.

उष्णता आणि वीज यांचं नातं धातूंमध्ये फार जवळचं आहे. 1853 साली विडेमान आणि फ्रान्झ या जर्मन शास्त्रज्ञांना दिसलं की ठरावीक तापमानाला उष्णतावाहकता आणि विद्युतवाहकता यांचं गुणोत्तर निरनिराळ्या धातूंमध्ये जवळपास सारखंच येतं. चांदी आणि तांबं दोन्ही बाबतींत पुढे, शिसं दोन्ही बाबतींत मागे. कारण त्यांना सांगता येण्याजोगं नव्हतं, इलेक्ट्रॉनचा शोधच 1897 सालचा. धातूंमध्ये काही इलेक्ट्रॉन कुठल्याही एका अणूला बांधलेले नसतात आणि वीज व उष्णता दोन्ही मुख्यतः तेच वाहून नेतात.

पण इथेच ‘विजेचा सुवाहक तो उष्णतेचा सुवाहक, विजेचा दुर्वाहक तो उष्णतेचाही दुर्वाहक’ असा नियम करून टाकला तर घात होतो. उष्णतेला जायला दुसरीही वाट आहे, अणूंच्या कंपनांची. हिऱ्यात मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास नसतातच, त्यामुळे वीज त्यातून जात नाही. पण कार्बनचे हलके अणू इतक्या ताठ बंधांनी जोडलेले असतात की कंपनं सरसर पुढे जातात, आणि हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट चांगली उष्णता वाहून नेतो. हिरा खरा की काचेचा खडा, हे तपासायचं एक छोटं यंत्र नेमकं याच गुणावर चालतं. पाणी तापवायच्या विजेच्या कॉइलमध्येही असाच पदार्थ लागतो. तिच्या धातूच्या नळीत मधोमध नायक्रोम या मिश्रधातूची, वीज गेली की तापणारी तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. पूड उष्णता जाऊ देते, वीज नाही. दोन्ही अडवणारा पदार्थ भरला तर पाणी तापणार नाही, दोन्ही जाऊ देणारा भरला तर वीज नळीवर येईल.

शिवाय उष्णतावाहकता आणि विद्युतवाहकता यांच्या पल्ल्यांत प्रचंड तफावत आहे. तांब्याची उष्णतावाहकता दर मीटर दर केल्विनला सुमारे 400 वॅट, स्टेनलेस स्टीलची 15, काचेची 1, लाकडाची 0.15 च्या आसपास, स्थिर हवेची 0.026. म्हणजे तांबं आणि हवा यांच्यात फरक साधारण पंधरा हजार पटींचा. विजेच्या बाबतीत तांबं आणि तारेवरचं चांगलं प्लास्टिक यांच्यातला फरक लिहायला एकावर वीसहून जास्त शून्यं लागतात! म्हणूनच एखादा मिलिमीटर प्लास्टिकचा थर घरातल्या विजेला तारेतच कोंडून ठेवतो. उष्णतेला असं कोंडणारा पदार्थ अस्तित्वातच नाही. 1892 साली जेम्स ड्यूअर यांनी बनवलेल्या दुहेरी भिंतीच्या बाटलीत, जिला आपण थर्मास म्हणतो, भिंतींमधली हवाच काढून टाकलेली असते. तरी आतलं गरम पाणी कधी ना कधी निवतंच. उष्णतेचा दुर्वाहक तिला फक्त सावकाश जायला लावतो.

वर्गातल्या विजेच्या प्रयोगाबद्दल एक सूचना. सेल, तारा आणि छोटा बल्ब घेऊन ‘पेटला तर सुवाहक, नाही पेटला तर दुर्वाहक’ असं केलं जातं. सुरुवातीला ते ठीक आहे. मात्र रंग दिलेला खिळा बल्ब पेटवत नाही आणि मुलं लोखंडाला दुर्वाहकांत टाकतात. आधी पॉलिश पेपरने घासून घ्यावं. मिठाच्या पाण्यातही बल्ब पेटत नाही, कारण बल्बला लागतो तेवढा प्रवाह ते जाऊ देत नाही. बल्बऐवजी 9 व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि त्याच्याशी एकसरीत 470 ओहमचा रेझिस्टर लावा, तो उजळतो. मग जाड कागदावर मऊ पेन्सिलीने एक लांब, गडद, चांगला जाड पट्टा गिरवावा. तारेचं एक टोक पट्ट्यावर पक्कं दाबून दुसरं हळूहळू लांब न्यावं. पेन्सिलीच्या शिशातल्या ग्रॅफाइटमधून (हा कार्बनच, शिसं धातू नव्हे) वीज जाते, पण अंतर वाढेल तसा एलईडी मंद होत जातो. सुवाहक आणि दुर्वाहक यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे, हे मुलांना इथे स्वतःच्या हाताने कळतं.

त्याच एलईडीच्या तारा साध्या नळाच्या पाण्यात जवळजवळ धरल्या तर अंधारात तोही किंचित उजळलेला दिसतो. अगदी शुद्ध पाण्यातून वीज नगण्य जाते, नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार ती नेतात. हे दाखवल्यावर मुलांना स्पष्ट सांगावं की यातला कुठलाही प्रयोग घरातल्या प्लगवर करायचा नाही आणि ओल्या हाताने बटणांना हात लावायचा नाही. एलईडी नीट उजळायला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या काही पट प्रवाह छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो.