बुश झिजले की चाक जागेवर राहत नाही

इंदूरहून खंडव्याकडे जाताना भेरूघाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढले जाते आणि शहरातल्या लहानशा खड्ड्यातही पुढच्या चाकाजवळून ‘खट्ट’ असा कोरडा आवाज येतो, अशी तक्रार असलेल्या वाहनमालकाचा पहिला संशय बहुधा शॉकरवर जातो. शॉकर बदलले जातात, आवाज मात्र तसाच राहतो. अशा वेळी दोष पुष्कळदा लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, मुळाशी बसवलेल्या, मुठीत मावेल एवढ्या रबरी बुशमध्ये असतो.

बुशची रचना दिसायला साधी असते. बाहेर धातूची एक नळी, आत दुसरी, आणि मधल्या जागेत बहुधा दोन्हींना पक्के चिकटवलेले रबर. चाक वरखाली होते तेव्हा आर्म फिरतो, पण अशा बुशमध्ये काहीही घसरत नाही. रबर पिळले जाते आणि भार हटताच पूर्ववत होते. म्हणूनच त्याला ग्रीस लागत नाही, उलट खनिज तेल लागल्यास नैसर्गिक रबर फुगून मऊ पडते. पुष्कळ बुशमध्ये मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, जेणेकरून रस्त्याचा धक्का आला असता चाकाला थोडे मागे सरकता यावे, पण वळणावर आडवे सरकता येऊ नये. नव्या बुशमधली ही पोकळी पाहून तो फाटकाच आला, असे समजून दुकानदाराशी वाद घालणारेही भेटतात.

प्रवासाच्या आरामात बुशचा वाटा कोणता, हे कंपनांच्या गतीवरून कळते. स्प्रिंगवर तोललेली मोटारीची बॉडी सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा वरखाली होते, तर चाक स्वतः १० ते १५ वेळा थरथरते. ही हालचाल आवरणे हे शॉकरचे काम. पण डांबरातल्या खडीमुळे उठणारी, सेकंदाला शेकडो वेळा होणारी बारीक कंपने शॉकरला आवरत नाहीत. इतक्या लहान आणि जलद हालचालीला तो जवळजवळ ताठच राहतो. ती कंपने बॉडीपर्यंत पोहोचण्याआधी अडवणे हे रबराकडे सोपवलेले काम आहे. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या चाचणी केंद्रातील ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा मार्ग २०२१ मध्ये खुला झाला तेव्हा साहजिकच त्याचाच बोलबाला झाला; बुशच्या दृष्टीने मात्र तिथल्या निरनिराळ्या पृष्ठभागांच्या कम्फर्ट ट्रॅकचे मोल अधिक आहे.

गंधक मिसळून तापवलेले रबर टिकाऊ होते, हा शोध चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये लागला. तरीही अशा नैसर्गिक रबराच्या रेणूंत दुहेरी बंध उरतातच, आणि हवेतला ओझोन नेमका त्यांच्यावर घाला घालतो. ताणलेल्या रबरावर ताणाच्या काटकोनात बारीक भेगा पडतात. त्यात माळव्याचा चाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा आणि इंजिनाची धग यांची भर पडते. त्यामुळे महिनोन्महिने उभ्या असलेल्या, कमी किलोमीटर चाललेल्या गाडीचे बुशही म्हातारे होतात.

हे म्हातारपण दोन प्रकारे जाणवते. रबर कडक झाले असेल तर खडखड होत नाही, पण गाडी पूर्वीपेक्षा रुक्ष वाटू लागते आणि रस्त्याची गुरगुर आत ऐकू येते. रबर फाटले किंवा धातूपासून सुटले असेल, तर आर्मला मोकळी फट मिळते आणि धातू धातूवर आदळतो. तोच तो ‘खट्ट’. माझ्या मते आवाजापेक्षा गंभीर गोष्ट पुढची आहे. ब्रेक लागताच एका बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा जास्त मागे सरकते, त्याचा टो कोन (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) बदलतो आणि गाडी बाजूला ओढली जाते. अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी स्थिर उभी असल्याने तिथे सारे आकडे ठीक दिसू शकतात, आणि टायर मात्र एका कडेने झिजत राहतात.

म्हणून तपासणी नुसत्या नजरेने करू नये. गाडी वर उचलून, आर्म आणि तो ज्या सांगाड्याला जोडलेला असतो ती सबफ्रेम यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हळूच रेटले म्हणजे भेग उघडते आणि दोन्ही बाजूंच्या हालचालीतला फरक कळतो. रबराऐवजी पॉलियुरेथेन या कृत्रिम पदार्थाचे बुश अधिक टिकाऊ असल्याचे सांगितले जाते आणि त्यांनी स्टिअरिंगला नेमकेपणाही येतो, परंतु ते सहसा रबरापेक्षा ताठ असल्याने शहरातल्या कुटुंबाच्या गाडीला मी ते सुचवणार नाही.

चिकटवलेल्या रबराचा नवा बुश बसवताना बहुतेक गाड्यांत एक पथ्य पाळावेच लागते. चाके हवेत लोंबकळत असताना मधला बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि नवा बुशही लवकर फाटतो. बोल्ट आधी सैल ठेवून, गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच तो कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, आवळावा.