सेरेस आणि प्रोसर्पिना: सहा महिन्यांच्या हिशेबामागची पार्श्वभूमी

धान्याची रोमन देवी सेरेस हिची मुलगी प्रोसर्पिना, जिला पाताळाच्या देवाने पळवलं, ती पाताळात गेली की हिवाळा, परत आली की वसंत. सेरेसची कथा आज सगळीकडे अशीच सांगितली जाते. तिने तिथे डाळिंबाचे सहा दाणे खाल्ले, म्हणून सहा महिने खाली, हेही त्यात ठरलेलंच. पण ज्या रोमन कवीमुळे ही कथा युरोपभर पोचली, त्या ओव्हिडने ना सहा दाणे लिहिलेत ना हिवाळा. हा हिशेब मागाहून बसवलेला आहे.

रोमची मूळची सेरेस कामाची देवी होती. तिच्या पुजाऱ्याने एका विधीत पुकारायच्या बारा सहायक देवतांची नावं टिकून आहेत. क्रमाने वाचली तर ती शेतीच्या वर्षाची यादीच आहे: पडीक रानाची पहिली नांगरट, दुसरी पाळी, सऱ्या पाडणं, पेरणी, पेरलेलं मातीआड करणं, ढेकळं फोडणं, कोळपणी, निंदणी, कापणी, वाहतूक, साठवण आणि शेवटी साठवणीतून धान्य बाहेर काढणं. या यादीत मुलगी नाही, पाताळ नाही. साठवणीला आणि धान्य बाहेर काढण्याला मात्र स्वतंत्र देवता आहे, आणि पुढच्या वादात हेच महत्त्वाचं ठरतं.

रोममधल्या अॅव्हेंटाइन टेकडीच्या पायथ्याचं तिचं देऊळ इ.स.पू. ४९३ चं. तिथे द्राक्षमद्याचा देव लिबर आणि त्याची जोडीदार देवी लिबेरा तिच्या जोडीला होते आणि देऊळ सामान्य नागरिकांच्या राजकारणाचं केंद्र होतं. प्रोसर्पिनाला रोमच्या सरकारी पूजेत स्थान मिळालं ते इ.स.पू. २४९ मध्ये, पाताळाच्या देवाबरोबर. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतल्या ग्रीक वस्त्यांतून पुजारिणी आणून आई-मुलीचे विधी सुरू केले गेले. इ.स.पू. २१६ मध्ये हॅनिबलविरुद्धच्या कॅनीच्या लढाईत रोमची इतकी माणसं पडली की सुतकामुळे विधीला बायकाच उरल्या नाहीत आणि त्या वर्षीचा उत्सव राहून गेला. त्यानंतर सुतकाची मुदत ३० दिवसांवर आणली गेली. नवा विधी किती लवकर राज्याचा झाला होता, ते यावरून कळतं.

कथेचं ठिकाण सिसिलीतलं एन्ना ठरलं, याला माझ्या मते धान्य कारणीभूत आहे. इ.स.पू. २४१ पासून सिसिलीचा बहुतेक भाग रोमकडे होता आणि तिथल्या पिकाचा दहावा हिस्सा रोमला जाई. इ.स.पू. १३३ मध्ये राजधानीत रक्तपात झाला, तेव्हा 'सर्वांत प्राचीन सेरेस'ला शांत करा असा कौल निघाला. शहरात तिचं भव्य देऊळ असताना शिष्टमंडळ थेट एन्नाला धाडलं गेलं.

आता महिन्यांचा प्रश्न. ग्रीकांकडे सेरेसच्या जागी देमेतर आहे; तिच्या प्राचीन स्तोत्रात मुलगी एकच दाणा खाते आणि वर्षाचा तिसरा हिस्सा, म्हणजे चार महिने, खाली राहते. ओव्हिडने एका काव्यात सात दाणे सांगितले, दुसऱ्यात तीन, आणि दोन्हीकडे वर्षाची वाटणी मात्र निम्मी-निम्मी. म्हणजे दाण्यागणिक महिना हे गणित त्याच्याकडे नव्हतंच. मुलगी परत मिळाल्यावर काय होतं? सेरेस गव्हाच्या ओंब्यांचा मुकुट घालते आणि खळ्यात धान्य मावेनासं होतं. हे कापणीचं चित्र आहे. बर्फ वितळल्याचा उल्लेखही नाही.

सिसिलीचं पीकवर्ष बघितलं की अडचण लगेच दिसते. तिथला गहू आपल्या रब्बीसारखा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरला जातो, तोही पावसावर. जानेवारी-फेब्रुवारीत शेतं हिरवीगार असतात आणि जूनमध्ये कापणी होते. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत जमीन भेगाळलेली, धसकटांनी भरलेली. काहीच उगवत नाही असा काळ उन्हाळ्याचा आहे, आणि तो साधारण चार महिन्यांचा आहे. ज्या पर्गुसा तळ्याकाठून मुलीला पळवलं, तिथे ओव्हिडने कायमचा वसंत लिहिला. प्रत्यक्षात त्या खाऱ्या तळ्याला पाणी वाहून जायला वाट नाही. उन्हाने ते दरवर्षी खाली जातं आणि २०२४ च्या दुष्काळी उन्हाळ्यात तर जवळजवळ आटलं.

या चार महिन्यांत बियाणं कुठे असतं? रोमन शेतीग्रंथांत गव्हाचं बियाणं एका युगेरमला, म्हणजे सुमारे २५ गुंठ्यांना, ५ मोदिउस (धान्याचं रोमन माप) दिलं आहे; ते साधारण ३३ किलो भरतं. सिसिलीच्या उत्तम जमिनीत चांगल्या वर्षी आठपट आणि सगळ्या देवांची कृपा झाली तर दहापट पीक येई, असं रोमन वक्ता सिसेरो सांगतो. म्हणजे आलेल्या पिकातला आठवा-दहावा हिस्सा बियाण्याला राखलाच पाहिजे. तो राखायची एक रीत म्हणजे पेव, जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तळाला पेंढा घालायचा, ओल आणि हवा शिरू द्यायची नाही. हवा नसली की सोंडे होत नाहीत. अशा पेवात गहू ५० वर्षं टिकतो, असं एका रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवलं आहे. ओल शिरली तर भिंतीलगतच्या दाण्याला मोड येऊन तो थर सडतो. पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, माणसं गुदमरून गेली आहेत, अशी ताकीदही तोच ग्रंथकार देतो. धान्य श्वसनात प्राणवायू संपवतं आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, म्हणून हे घडतं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हा धोका समजावून सांगायला नको.

यावरूनच विसाव्या शतकात एका स्वीडिश अभ्यासकाने मांडणी केली: मुलगी म्हणजे उन्हाळाभर जमिनीखाली ठेवलेलं बियाणं, आणि ती वर येते पेरणीला. या मतावर कडाडून टीका झाली. स्तोत्रात ती वसंताच्या फुलांबरोबर वर येते असं स्पष्ट म्हटलंय. शिवाय भरलेलं पेव आईला दुःखाचं का वाटावं? दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. पण हिवाळ्याच्या बाजूलाही धड उत्तर नाही. पेरलेला दाणा मातीआड असतो म्हणून मुलगी पाताळात, असं म्हणावं तर पाऊस झाला की गहू आठ-दहा दिवसांत उगवतो. त्यातून ना चार महिने निघतात ना सहा.

मग हिवाळा इतका पक्का कसा झाला? स्तोत्राची एकमेव हस्तलिखित प्रत मॉस्कोत १७७७ मध्ये सापडली आणि १७८० मध्ये छापली गेली. तोवर शतकानुशतकं युरोपने ही कथा लॅटिनमधूनच वाचली होती. जिथे शेतं खरोखर बर्फाखाली जातात, त्या उत्तरेकडच्या वाचकाने 'अर्धं वर्ष खाली' याचा अर्थ आपल्या हिवाळ्याशी लावला. पाठ्यपुस्तकांनी तो उचलला आणि सहा महिन्यांना सहा दाणे जुळवून टाकले.

रोममधला एक पुरावा या चर्चेत फार थोडे जण घेतात. सेरेसच्या नावाचा एक विधीचा खड्डा वर्षातून तीनदा उघडला जाई: २४ ऑगस्ट, ५ ऑक्टोबर आणि ८ नोव्हेंबर. त्या दिवशी मृतांचं दार उघडतं, म्हणून लढाई, सैन्यभरती, सभा काहीच करत नसत. खड्ड्याची नेमकी जागा आणि मूळ उपयोग यांवर अजून एकमत नाही. पण पहिली तारीख मळणी उरकल्यानंतरची आहे, शेवटची ऐन पेरणीतली, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तो एकदाही उघडत नसे.