झोनच्या मिलिमीटरमागचा इतिहास

औषधी वनस्पतींच्या अर्कावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांच्या वह्यांत एक आकडा हमखास सापडतो: झोन इतके मिलिमीटर. अगारवर, म्हणजे शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या थरावर, जिवाणू पसरायचे, खड्डा पाडून किंवा कागदी चकतीवरून अर्क द्यायचा, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचे आणि सकाळी भोवतीचे जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ, म्हणजेच झोन, मोजायचे. या आकड्याचा उगम पाहिला, की वनस्पतींच्या बाबतीत तो किती जपून वाचायला हवा ते कळते.

मुळात ही पद्धत वनस्पतींसाठी घडलेलीच नाही. १८८०च्या दशकाच्या आरंभी फॅनी हेसे यांच्या सूचनेवरून रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत अगार आले, १८८७ मध्ये पेट्री यांची बशी आली. १९२९ च्या निबंधात फ्लेमिंग यांनी अगारमधल्या चरात पेनिसिलिन भरून त्याला आडवे निरनिराळे जिवाणू रेखल्याचे वर्णन आहे. पुढे ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली यांनी चराऐवजी छोट्या नळ्या उभ्या केल्या. पेनिसिलिन पाण्यात विरघळते आणि अगारमधून सहज पसरते, म्हणून वर्तुळाच्या व्यासावरून त्याचे प्रमाण काढता येत होते.

पेनिसिलिनच्या यशानंतर नजर झाडापाल्याकडे वळली. ब्रिटनमध्ये ई. एम. ऑसबोर्न यांनी सुमारे २३०० वनस्पती स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय या जिवाणूंवर तपासून १९४३ मध्ये निष्कर्ष छापले. पुढच्याच वर्षी कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी लसणातले अ‍ॅलिसिन वेगळे केले. हळदीतल्या करक्युमिनच्या जिवाणूरोधक गुणावरचा निबंध १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. लखनौच्या छत्तर मंझिलमध्ये १९५१ साली सुरू झालेल्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने भारतीय वनस्पतींची पद्धतशीर चाळणी हाती घेतली. तिचा पहिला अहवाल १९६८ चा.

दरम्यान १९६६ मध्ये बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी चकतीची पद्धत प्रमाणित केली: मुलर-हिंटन अगार, जिवाणूंची ठरावीक दाटी, चकतीत औषधाची ठरलेली मात्रा. रुग्णाला कोणते प्रतिजैविक चालेल हे ठरवण्यासाठी ती होती. प्रत्येक औषधाचा झोन त्याच्या एमआयसीशी, म्हणजे वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेशी, ताडून पाहिलेला असतो. अर्काच्या झोनमागे असा आधार नाही, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. अर्कात डझनभर रसायने, प्रत्येकाचे प्रमाण अज्ञात. करक्युमिनसारखे पाण्यात जवळजवळ न विरघळणारे द्रव्य अगारमध्ये फारसे सरकतच नाही. झोन लहान आला म्हणून ते दुबळे ठरत नाही. उलट, अर्क ज्यात विरघळवला त्या नुसत्या द्रावकामुळेही झोन येऊ शकतो. म्हणून निव्वळ द्रावकाची चकती शेजारी हवीच.

या अडचणीवर १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कोबस एलॉफ यांनी वाट काढली. ९६ खळ्यांच्या पट्टीत अर्क टप्प्याटप्प्याने पातळ करायचा आणि जिवंत जिवाणूंमुळे लाल होणारा रंग टाकायचा. जिथे लाली येत नाही तिथली सर्वांत कमी मात्रा म्हणजे एमआयसी.

त्यानंतर २००० मध्ये दारुहळदीच्या कुळातल्या वनस्पतींबद्दल एक महत्त्वाची गोष्ट समोर आली. त्यांतले बर्बेरीन हे जिवाणूरोधक द्रव्य जिवाणू आपल्या पेशीतून पंपाने बाहेर फेकतात. याच वनस्पतींत तो पंप अडवणारे दुसरे द्रव्यही असते. एकट्याने हे दुसरे द्रव्य जिवाणूंचे काही बिघडवत नाही. चकतीवर वेगळे ठेवले असते तर झोन आलाच नसता. म्हणूनच आता अर्क आणि परिचित प्रतिजैविक एकाच खळीत एकत्र तपासण्याकडेही कल वाढतो आहे.