रिपोर्ट नॉर्मल, मग थकवा कसला?

आठ तास झोपून उठायचं आणि तरी रात्रभर ओझी वाहिल्यासारखं अंग जड. जिना चढताना मांड्या भरून येतात, दुपारनंतर डोळ्यांवर झापड येते, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडकतं. थायरॉईड मंदावलेली माणसं आपला थकवा सांगतात तो साधारण असा. बरेच जण तर सांगतच नाहीत, कारण तो एका दिवसात आलेला नसतो. महिन्यामहिन्यानं इतका हळू चढतो, की माणूस त्याला वय म्हणतो, आळस म्हणतो, शेवटी आपला स्वभावच समजून बसतो.

ही ग्रंथी असते गळ्यात, कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला बिलगून. वजन जेमतेम २० ग्रॅम. तिच्यातून मुख्यतः टी-४ हे संप्रेरक रक्तात येतं. चार म्हणजे आयोडिनचे चार अणू. हा खरं तर साठ्याचा माल. यकृत, स्नायू, मेंदू अशा ठिकाणी त्यातला एक अणू काढला जातो, टी-३ तयार होतं आणि ते पेशीच्या केंद्रकात शिरून कामाला लागतं. इंधन किती वेगानं जाळायचं, हृदयानं किती जोरात धावायचं, आतडी किती हलायची, या सगळ्यावर त्याचा हात असतो. म्हणून ते कमी पडलं की थकव्याबरोबर थंडी सोसवेनाशी होते, बद्धकोष्ठ होतं, कातडी कोरडी पडते, नाडी संथ होते.

ही मंदगती डोळ्यांनी बघता येते. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं मागे लोंबती ठेवायला सांगतात. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर रबरी हातोडीची हलकी टिचकी मारली, की पोटरी आखडते आणि पाऊल झटकन हलतं. इथवर सगळं नेहमीचं. पण थायरॉईड बरीच कमी असेल, तर ते पाऊल जागेवर परतताना रेंगाळतं. स्नायू सैल पडायचा, तर आखडताना सुटलेलं कॅल्शियम पेशीतल्या कोठारात परत भरावं लागतं आणि ते भरणारे पंप टी-३ वाचून सुस्तावतात. थकवा मनाचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे पाऊल एकदा बघावं.

जेवणात आयोडिन पुरेसं असेल, तर या आजारामागे बहुतेक वेळा आपलीच रोगप्रतिकारशक्ती असते. ती ग्रंथीला परकी समजून हल्ला करते. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदानं १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींमधला हा बिघाड नोंदवला. त्याचंच नाव या आजाराला पडलं.

तपासणीचा कागद हातात आला, की एक गंमत हमखास होते. टीएसएचचा आकडा वर गेलेला दिसतो आणि घरभर बातमी पसरते, 'थायरॉईड वाढलाय!' प्रत्यक्षात तो कमी झालेला असतो. टीएसएच ही मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची हाक. थायरॉईड ऐकेनाशी झाली, की हाक मोठी होत जाते. टी-४ थोडंसं उतरलं तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतं, म्हणून बिघाड पकडायला हीच चाचणी कामाची. प्रौढांमध्ये हा आकडा साधारण ०.४ ते ४ दरम्यान असतो. प्रयोगशाळेगणिक थोडा फरक पडतो.

उपचाराची सुरुवात मेंढीपासून झाली. १८९१ साली जॉर्ज मरे या इंग्लिश डॉक्टरनं ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि त्या उपचारावर पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिनचे शुद्ध स्फटिक वेगळे केले. आज मिळणारी लिव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं तेच टी-४.

तिची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ग्रंथीचं काम जवळपास थांबलं असेल, तर दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतं. म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभराच्या आसपास. या हिशेबानं एक ग्रॅम औषध सत्तावीस वर्षं पुरेल! वयस्कर किंवा हृदयरोगी माणसांना सुरुवात याहून बरीच कमी मात्रेनं करतात.

आणि इथेच धीर सुटतो. 'दहा दिवस झाले, काही फरक नाही' म्हणून गोळी सोडणारे थोडे नाहीत. रक्तातलं टी-४ निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नव्या मात्रेची पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात ते म्हणूनच. स्नायू आणि कातडी पूर्वपदावर यायला तर महिने लागतात. याच संथपणाचा फायदाही आहे. एक दिवस गोळी राहिली, तर काही बिघडत नाही. आठवड्यातून तीनदा राहिली, तर बिघडतं.

गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर अर्धा ते एक तास कॉफीसुद्धा नको. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिला आतड्यात अडवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. सकाळ जमत नसेल, तर शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. रोजची वेळ एकच ठेवायची. थायरॉईडनं केस गळतात म्हणून अनेक जण बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात. त्याच्या मोठ्या मात्रेमुळे चाचणीचे आकडे फसवे येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांना सांगून ते रक्त देण्याच्या दोन दिवस आधी थांबवायचं.

एवढं सगळं करूनही, टीएसएच जागेवर येऊनही, काही जणांचा थकवा जात नाही. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' असं म्हणून त्यांना वाटेला लावणं मला पटत नाही. पण डोस वाढवून मागणं हेही उत्तर नव्हे. जास्त मात्रेनं हृदयाची लय बिघडते, हाडं ठिसूळ होतात. त्याऐवजी शोध दुसरीकडे घ्यावा. थायरॉईड मंद असताना मासिक रक्तस्राव वाढतो, त्यातून लोह कमी पडलेलं असू शकतं. हाशिमोतो असणाऱ्यांमध्ये बी-१२ ची कमतरताही जास्त आढळते. मोठ्यानं घोरणाऱ्याचा झोपेत श्वास अडकत असेल. नैराश्यही अगदी असंच दिसतं. आणि टीएसएच जेमतेमच वाढलेलं असेल, तर थकव्याचा दोष थायरॉईडचा नसेलही. पासष्टीच्या पुढच्या अशा ७३७ जणांवरचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खरी गोळी घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांच्या थकव्यात फरक पडला नाही.

मधल्या काळात दिवस तर काढायचाच असतो. एखाद्या दिवशी जरा बरं वाटलं, की साठलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळायचं, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. दहा मिनिटांचं चालणं रोज जमलं, तर आठवडाभरानं बारा करावं. डोक्याचं काम ज्या तासांत सुचतं, त्या तासांत ठेवावं. दुपारची डुलकी वीस मिनिटांत आवरावी, नाहीतर रात्रीची झोप जाते. आणि एक छोटी वही ठेवावी. गोळी किती वाजता घेतली, सकाळची नाडी किती, किती चाललो. दोन महिन्यांनी डॉक्टर 'कसं वाटतंय?' विचारतात तेव्हा 'ठीक' याखेरीज काही आठवत नाही. वहीत मात्र पन्नासची नाडी चौसष्टवर आलेली दिसते.